शॉट सुटे चांगले, जोडले की धक्का

प्रश्न : सायकलचं पंक्चर कसं काढायचं, याचा ४० सेकंदांचा व्हिडिओ मोबाइलवर केला. टायर उतरवणं, ट्यूब पाण्यात बुडवणं, ठिगळ लावणं, हवा भरणं असे ९ शॉट आहेत. एकेक शॉट ठीक दिसतो, पण सलग पाहताना दर कटला धक्का बसतो. सगळीकडे डिझॉल्व्ह (एक शॉट विरत असतानाच दुसरा उमटणं) लावले, गरगर फिरणारी ट्रान्झिशन्सही लावून पाहिली. उपयोग शून्य. काय चुकतंय?

उत्तर : आधी ती ट्रान्झिशन्स काढून टाका. ॲपमध्ये फुकट मिळतात म्हणून लोक ती लावत सुटतात. डिझॉल्व्ह पाहिला की प्रेक्षक समजतो, मध्ये थोडा वेळ गेला. तुमच्याकडे तो एकाच ठिकाणी शोभेल : सोल्यूशन लावून ते सुकायची वाट पाहता तिथे. बाकी सगळे साधे कट ठेवा.

आता ट्यूब बुडवण्याचंच घेऊ. लांबच्या शॉटमध्ये हात पाण्यात गेला, थांबला आणि मग जवळून बुडबुडे, असा कट तुम्ही केला असणार. बहुतेक जण तिथेच कापतात. हात थांबला की बघणाऱ्याची नजर मोकळी होते आणि मोकळ्या नजरेला कट लगेच खुपतो. म्हणून हात खाली जात असतानाच कापा. ट्यूब पाण्याला टेकायच्या जरा आधी लांबचा शॉट सोडा, आणि ती पाण्यात शिरते तिथून जवळचा घ्या. त्यासाठी बुडवण्याची क्रिया दोन्ही शॉटमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत हवी, म्हणजे शूटिंगच्या वेळी ट्यूब दोनदा बुडवायची. मग कट एक-दोन फ्रेम, म्हणजे व्हिडिओतली एक-दोन स्थिर चित्रं, मागेपुढे करत बसा. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर दोन फ्रेम म्हणजे ०.०८ सेकंद. तेवढ्यानेही हात अडखळतो किंवा सरळ जातो. हे काम कंटाळवाणं आहे, पण खरं एडिटिंग तेच.

एकाच वस्तूचे लागोपाठ दोन शॉट असतील, तर कोन निदान ३० अंशांनी बदला, पडद्यावरचा तिचा आकारही ठळकपणे लहानमोठा होऊ द्या. मोबाइल घेऊन नुसतं एक पाऊल पुढे गेलात, तर चाक जागच्या जागी उडी मारतं. आणि सायकलच्या पलीकडे जाऊन शूट करू नका : आत्ता उजवीकडे फिरणारं चाक पुढच्या शॉटमध्ये उलटं फिरताना दिसेल.

कट कुठे घ्यावा याचे सहा निकष एडिटर वॉल्टर मर्च यांनी मांडले. त्यात भावनेला ५१ टक्के वजन आहे, प्रेक्षकाची नजर पडद्यावर कुठे आहे याला फक्त ७. कथापटासाठी कबूल. पण पंक्चरच्या व्हिडिओत मी नजरेच्या निकषाला यादीत फार वर नेईन. बुडबुडे फ्रेमच्या खालच्या भागात असतील, तर पुढच्या शॉटमधलं भोकही तिथेच आसपास येऊ द्या. उभ्या फ्रेममध्ये नजरेला वरून खाली धावायला लावणं फार जाचतं.

एक चाचणी करा : आवाज पूर्ण बंद करून व्हिडिओ पाहा. धक्के कमी झाले, तर दोष आवाजात आहे. दर क्लिपमागची घरघर वेगळी असते, कटला ती एकदम बदलते. जिथे शूट केलंत तिथला नुसता शांततेचा आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करून सगळ्या शॉटखाली सलग पसरा. पंपाचा फस्स-फस्स आवाज पंप दिसण्याच्या अर्धा सेकंद आधी, ठिगळावरच सुरू करा; याला जे-कट म्हणतात. तो जमला, तर हवा भरण्याच्या शॉटला बाकी काही करावं लागणार नाही.