‘पुढे’ दाबताच हरवणारा शोध

प्रश्न : फोंड्यातील आमच्या वाचनालयाच्या सुमारे 4,000 मराठी पुस्तकांची सूची मी वेब ॲप्लिकेशनवर आणली आहे. शोधाच्या फॉर्ममध्ये लेखकाचे नाव टाकले की पहिली 20 पुस्तके नीट दिसतात. मात्र ‘पुढे’ दाबताच सगळीच सूची समोर येते. एखादे पुस्तक उघडून मागे गेल्यास फॉर्म पुन्हा पाठवायचा का, असे ब्राउझर विचारतो. शिवाय कधीकधी एकच पुस्तक दोन पानांवर दिसते. काय चुकते आहे?

उत्तर : पहिल्या दोन तक्रारींचे मूळ बहुधा एकच आहे, ते म्हणजे फॉर्म पोस्ट पद्धतीने जातो. पोस्टमध्ये शोधशब्द विनंतीच्या पोटात राहतो, ब्राउझरमधल्या पत्त्यात उमटत नाही. ‘पुढे’ ही साधी लिंक असल्याने ती नवी गेट विनंती (जिच्या अटी पत्त्यातच लिहिलेल्या असतात) करते आणि तिच्यात पानाच्या क्रमांकाखेरीज काहीच नसेल, तर सर्व्हरने तरी लेखक कोठून आणावा? मागे जातानाही पोस्टने आलेले पान पुन्हा मागायचे तर फॉर्मच पुन्हा पाठवावा लागतो, म्हणून ब्राउझर तसे विचारतो. एचटीटीपीच्या, म्हणजे ब्राउझर व सर्व्हर यांच्यातील संवादाच्या नियमांच्या, 2022 च्या विनिर्देशातही गेट ही केवळ वाचण्यासाठीची, सर्व्हरवर काही बदल न मागणारी पद्धत मानली आहे, आणि शोध हे नेमके तसलेच काम आहे. फॉर्मची पद्धत गेट करा आणि पानांच्या प्रत्येक लिंकमध्ये शोधाच्या सर्व अटी घाला, म्हणजे तोच पत्ता मडगावच्या मित्राला पाठवला तरी त्यालाही तेच पान दिसेल.

ही लिंक हाताने शब्द जोडून बनवू नका; पुस्तकाच्या नावात ‘&’ आले की पत्ता तिथेच तुटतो. अशी चिन्हे पत्त्यात चालतील अशा रूपात बदलणारे एन्कोडिंगचे तयार फंक्शन वापरा. त्यानंतर पत्ता भलताच लांब दिसेल, पण घाबरण्याचे कारण नाही : यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते, प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह 3 अक्षरांत लिहिला जातो, त्यामुळे काना धरून पाच चिन्हांचा ‘मडगाव’ 45 अक्षरांचा होतो.

पानाचा क्रमांक मात्र फॉर्ममध्ये लपवून ठेवू नका. सातव्या पानावर असताना वाचकाने नवा लेखक शोधला आणि त्याची दोनच पाने निघाली, तर त्याला रिकामा पडदा दिसेल व पुस्तकच नाही असा त्याचा समज होईल. नवा शोध नेहमी पहिल्या पानापासूनच सुरू व्हायला हवा.

एकच पुस्तक दोनदा दिसते, कारण तुम्ही बहुधा केवळ लेखकाच्या नावाने क्रम लावला आहे. एकाच लेखकाची 35 पुस्तके असतील, तर त्यांचा आपसातील क्रम प्रत्येक वेळी तोच राहील याची हमी डेटाबेस देत नाही. लेखकानंतर दाखल क्रमांकही क्रमात घ्या. तो प्रत्येक प्रतीचा वेगळा असतो. तरीही कोणी सूची चाळत असतानाच नवे पुस्तक नोंदवले गेले, तर पहिल्या पानाच्या तळाचे पुस्तक दुसऱ्या पानावर सरकू शकते. ते टाळायचे असेल, तर पानाच्या क्रमांकाऐवजी शेवटच्या पुस्तकाचा लेखक व दाखल क्रमांक पुढे पाठवून ‘याच्या नंतरची 20’ असे मागावे लागेल, पण मग थेट सातव्या पानावर उडी घेता येत नाही. 4,000 पुस्तकांसाठी मी तरी तो खटाटोप करणार नाही.