वाचकांचे प्रश्न : केदारकंठ्याला हळू चालणाऱ्या मैत्रिणीला वर न्यायचं की खालीच थांबवायचं?

प्रश्न : आम्ही सात जण डिसेंबरच्या शेवटी उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखरावर चाललोय, बर्फात सगळे पहिल्यांदाच. कळसूबाई, हरिश्चंद्रगड सगळ्यांचे झालेत पण एक मैत्रीण दरवेळी मागे पडते. दोघंतिघं म्हणतायत समिटच्या दिवशी तिला टेंटमध्येच ठेवू, म्हणजे वेळ वाचेल. ती गप्प बसते. मला हे पटत नाहीये, काय करू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पटत नाहीये ते बरोबरच आहे तुमचं. ग्रुपला आधी हे सांगा की कळसूबाईचं टोक १६४६ मीटर आणि तुम्ही जिथून चालायला लागणार ते सांकरी गावच १९०० मीटरच्या वर आहे, म्हणजे आपलं सगळ्यात उंच शिखर जिथं संपतं त्याच्याही वरून तुमची सुरुवात. केदारकंठा ३८१० मीटर. तिथं एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रकिनाऱ्याच्या मानाने साधारण दोन तृतीयांशच असतो, त्यामुळे सह्याद्रीत कोण पुढे पळतं याला तिथं काही किंमत नाही. डोकं धरून, मळमळत टेंटमध्ये पडलेले मी तरी जास्त करून पळणारेच बघितलेत.

हळू चालणारीला गाइडच्या लगेच मागे ठेवा आणि तिच्या वेगाने सगळे चाला, दमदार माणूस शेवटी. पुढचे पळून गेले की त्यांना थांबून वाट बघावी लागते, तेवढ्यात अंगातला घाम गार पडतो आणि कुडकुडायला लागतात.

माझ्याच ट्रेकमधलं सांगतो. पहाटे चारचा सुमार, खडी चढण, एका मित्राच्या बुटाखाली बर्फात पकड यावी म्हणून बांधलेला दातेरी स्पाइक निघाला. बांधायला त्याने हातमोजे काढले आणि दोन-तीन मिनिटांत बोटं अशी बधिर झाली की पट्टा हातात येतोय पण ओढलाच जात नाही. "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच" असं म्हणाला आणि आम्ही खरंच वीस-पंचवीस पावलं गेलो पण. मागे वळून बघितलं तर त्याची हेडटॉर्च एकाच जागी, खाली बर्फाकडे तोंड करून, हलतच नव्हती. परत उतरलो, एकाने स्पाइक बांधला आणि मी त्याचे दोन्ही हात माझ्या जॅकेटमध्ये काखेत धरून बसलो, बोटं दुखायला लागली तेव्हा जरा जिवात जीव आला. पुढे गेलेल्याला हे कळतच नाही हो, म्हणून मागच्याला एकटं सोडायचं नाही, त्याने स्वतः सांगितलं तरी नाही.

समिटला अडीच-तीनला निघतात कारण रात्रीचा बर्फ कडक असतो, ऊन चढलं की भुसभुशीत होतो, पाय गुडघ्यापर्यंत आत जातो आणि उतरताना घसरायला होतं. म्हणून किती वाजता परत फिरायचं हे आदल्या संध्याकाळीच गाइडला विचारून ठरवा, टोक समोर दिसत असलं तरी फिरायचं. वेळेत बसत नसेल असं वाटलं तर सगळ्यांनीच अर्धा तास आधी निघा, झोप थोडी कमी होईल एवढंच. आणि वर जायचं की नाही हे मैत्रीण ठरवेल, ग्रुप नाही. ती गप्प आहे तर तुम्ही एकटीला गाठून नीट विचारा. वाटेतून फिरायची वेळ आली तर तिच्यासोबत दुसरा गाइड पाहिजे, हे बुकिंगच्या वेळीच बोलून घ्या.

डोकं दुखलं तर कोणीही लपवायचं नाही. गोळी खाऊन दुखणं दाबून वर जाऊ नका. उलट्या होतायत, चालताना झोक जातोय तर लगेच खाली, रात्र असली तरी. डायमॉक्स (उंचीवरच्या विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून घेतात ती गोळी) घ्यायची की नाही ते निघायच्या आधी डॉक्टरांना विचारा, सल्फाची अॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा. जीन्स आणि सुती बनियन घरीच ठेवा, ओले झाले की वाळत नाहीत.

आणि सांकरीला पोचलात की पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांनी स्पाइक्स बांधून सोडून बघा, हातमोजे घालूनच, अंधारात, दहा वेळा तरी.