शोरूम कुठलंही असो, वर्कशॉप कुणाचं?

प्रश्न : निवृत्तीनंतर फिरायला म्हणून आम्ही दोघं गाडीमागे ओढायची कॅरॅव्हॅन घेतोय, नवी कोरी. मॉडेल ठरलंय. ते आमच्यापासून अर्ध्या तासावर असलेल्या डीलरकडे मिळतं आणि पाच तासांवरच्या एका मोठ्या डीलरकडेही. लांबचा बराच स्वस्त देतोय, वर ऑनिंग (कॅरॅव्हॅनच्या बाजूला लावायचा तंबू) फुकट. यजमान म्हणतात, ‘एकदाच जायचं, घेऊन यायची, संपला विषय.’ मला जवळचाच बरा वाटतो, पण कारण विचारलं की सांगता येत नाही. घरात सरळ दोन तट पडलेत. निवाडा तुम्हीच करा.

उत्तर : कौल तुमच्या बाजूने देतो, पण सशर्त. कारणही मीच पुरवतो, म्हणजे संध्याकाळच्या चहाला उपयोगी पडेल.

हे सदर लिहायला लागण्याआधी माझी बरीच वर्षं कॅरॅव्हॅनच्या वर्कशॉपात, सर्व्हिस काउंटरच्या आतल्या बाजूला गेली. ‘एकदाच जायचं’ हे वाक्य तिथे रोज कानावर यायचं, फक्त ते म्हणणारा माणूस दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा आलेला असायचा. नवी कॅरॅव्हॅन पहिल्या वर्षात काही ना काही दुखणं काढतेच. कपाटाचं दार खाली उतरतं, नळाखाली थेंब साचतो, खिडकीची कडी बसत नाही. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. कारखान्यात लाकूड, फोम, ॲल्युमिनियम नाहीतर फायबरग्लास आणि भरपूर सीलंट लावून जोडलेलं घर आपण खड्ड्यांवरून ताशी ८० किलोमीटरने ओढतो, मग ते कुरकुरणारच. प्रश्न एवढाच, की ती कुरकुर ऐकून घेणार कोण?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. वॉरंटी कंपनीची असते, पण स्क्रूड्रायव्हर डीलरच्या हातात असतो. वॉरंटीच्या कामाचे पैसे कंपनी डीलरला देते खरी, पण ठरवून दिलेल्या तासांचे आणि ठरवून दिलेल्या दराने. त्याच वेळात रोख पैसे देणारं गिऱ्हाईक उभं असेल, तर वॉरंटीचं काम त्याला गोड लागत नाही. मग तो आधी स्वतः विकलेल्या कॅरॅव्हॅन घेतो. दुसऱ्याकडून आणलेलीला ‘सीझन संपल्यावर बघू’ म्हणतो, नाहीतर सरळ हात वर करतो. याला मी लबाडी म्हणणार नाही. विक्रीतला नफा दुसऱ्याने खाल्ला आणि खरकटी भांडी माझ्या दारात, असं त्याला वाटतं आणि ते समजण्यासारखं आहे.

म्हणून लांबच्याला होकार देण्याआधी जवळच्याकडे जा, पण शोरूममध्ये शिरू नका. वर्कशॉपच्या काउंटरवर जाऊन सरळ विचारा : ‘हीच कॅरॅव्हॅन दुसरीकडून घेतली, तर वॉरंटीची कामं कराल का? किती आठवड्यांनी नंबर लागेल?’ तोंडी ‘हो हो, करू की’ला काही अर्थ नाही, दोन ओळींचा ईमेल मागा. तो आला, तर यजमानांचं पारडं जड. नाही आला, तर वाचलेले पैसे वेगळे काढून ठेवा, पाच तास जायच्या आणि पाच तास यायच्या इंधनाला ते लागतील.

सोमवारी सकाळी गेलात तर आणखी उत्तम. शनिवार-रविवारी फिरून आलेली मंडळी तेव्हा तक्रारी घेऊन उभी असतात. पंधरा मिनिटं नुसतं ऐका. काउंटरवरचा माणूस तक्रार लिहून घेतोय की ‘असं कधी होत नाही हो’ म्हणतोय? मागच्या आवारात छपरावर ताडपत्री बांधलेल्या कॅरॅव्हॅन किती दिवस उभ्या आहेत? ताडपत्रीवर साचलेल्या पाण्यात पाचोळा कुजलेला दिसला, तर ते वर्कशॉप अर्ध्या तासावर असलं काय आणि पाच तासांवर असलं काय, सारखंच. माझ्या ‘सशर्त’मधली मुख्य अट हीच. जवळचा पण गचाळ, यापेक्षा लांबचा पण शब्दाचा पक्का मी केव्हाही पत्करेन.

आता यजमानांच्या बाजूनेही बोलायला हवं. कॅरॅव्हॅनवर नाव एका कंपनीचं असलं तरी आतलं सामान दहा कंपन्यांचं असतं. खालची चासी बहुधा आल-को नाहीतर बीपीडब्ल्यूची, हीटर अनेकदा ट्रुमाचा, फ्रिज डोमेटिक किंवा थेटफर्डचा. या उपकरणांना आपापली वॉरंटी असते, आणि अशा काही कंपन्यांचे तंत्रज्ञ किंवा त्यांनी मान्यता दिलेले फिरते मेकॅनिक घरापर्यंत येतात. म्हणजे हीटर पेटेना किंवा फ्रिज थंड होईना, तर विकणारा किती लांब आहे याने फारसा फरक पडत नाही. अडतं ते शरीराचं : खिडकी, छप्पर, सांधे, पाणी शिरणं. ही कामं घराच्या अंगणात होत नाहीत, त्यासाठी कॅरॅव्हॅन वर्कशॉपात आठवडाभर ठेवावी लागते.

शरीराच्या वॉरंटीला एक शेपूटही असतं. पाणी शिरण्याबद्दलची हमी सहसा बाकी वॉरंटीपेक्षा लांब, काही वर्षांची असते, पण दरवर्षी ठरलेल्या तारखेच्या मागेपुढे मान्यताप्राप्त वर्कशॉपात सर्व्हिस आणि ओल-तपासणी झाली, तरच ती टिकते. एक वर्ष चुकलं की हमी गेलीच समजा. ही दरवर्षीची तपासणी जवळच्या कुणाकडून करून घेता येईल का, हे लांबच्या डीलरकडून लेखी घ्या. वार्षिक सर्व्हिस पैसे देऊन करायची असते, त्यामुळे तिला कुणी सहसा नाही म्हणत नाही. तिथेच ओळख वाढते आणि पुढे वॉरंटीचं कामही जरा लवकर होतं. माणसं माणसांसारखीच वागतात.

भावाचं म्हणाल, तर लांबच्याचा लेखी भाव घेऊन जवळच्यासमोर बसा. तेवढी सूट तो देणार नाही, मागूही नका. त्याच्याकडे पहिल्या दोन वर्षांची सर्व्हिस फुकट मागा, आणि तक्रार निघाली तर किती दिवसांत हात लावणार हे पावतीवर लिहून मागा. सर्व्हिसचं काम त्याच्याच माणसांच्या हातून होतं, त्यामुळे रोख सवलतीपेक्षा हे द्यायला तो लवकर तयार होतो. एवढं सोडवून घेतलंत तर ऑनिंगचं दुःख करू नका.

आणि लांबूनच घ्यायचं ठरलं, तर एक गोष्ट माझ्या सांगण्यावरून करा. ताबा घेतल्यावर थेट घरी निघू नका. डीलरपासून दहा-पंधरा मिनिटांवर एखादी कॅम्पसाइट गाठा आणि पहिली रात्र तिथेच काढा. सगळे नळ सोडा, गीझर लावा, सगळे दिवे लावा, पलंग उघडा-मिटा, शॉवर दहा मिनिटं चालू ठेवून सिंकखालच्या कपाटात हात घालून ओल लागते का बघा. फ्रिजसाठी मात्र आदल्या संध्याकाळीच डीलरला फोन करून तो चालू करायला सांगा. कॅरॅव्हॅनमधला गॅसवरही चालणारा फ्रिज बिनकॉम्प्रेसरचा असतो, त्याला गार व्हायला कित्येक तास लागतात. (बिनकॉम्प्रेसरच्या फ्रिजची युक्ती स्टॉकहोममधल्या दोन विद्यार्थ्यांची, १९२२ सालची. शंभर वर्षं झाली, पण घाईत असलेल्या माणसावर या फ्रिजला अजून दया येत नाही.) सकाळी जी यादी होईल ती घेऊन डीलरच्या दारात हजर व्हा. तुम्ही त्याच्या आवारात आहात तोवर त्याला तुमची घाई असते. घरी पोचल्यावर ती घाई फक्त तुम्हाला उरते.

घरी निघाल्यावर साधारण ५० किलोमीटरनंतर थांबून चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा. किती जोराने आवळायचे, तो आकडा मॅन्युअलमध्ये असतो. नव्या चाकांचे नट बसतात तसे जरा सैल होतात. आणि विमा ताबा घेतानाच सुरू झालेला हवा, घरी पोचल्यावर नव्हे. पाच तासांच्या रस्त्यावर हे विशेष महत्त्वाचं.

प्रश्न : मला वापरलेली हवी आहे, दहा-बारा वर्षं जुनी चालेल. मनासारखी सापडली ती नेमकी खूप लांबच्या डीलरकडे. फोटो सुंदर आहेत. तो म्हणतो, थोडी रक्कम भरा, दारात आणून देतो. घ्यावी का?

उत्तर : लांब असण्याची मला इथे फारशी धास्ती नाही. वॉरंटी बहुधा संपलेलीच असते, दुरुस्तीला तुम्ही तुमचा मेकॅनिक गाठणारच. धास्ती आहे ती सुंदर फोटोंची. ओल फोटोत दिसत नाही, आणि जुन्या कॅरॅव्हॅनला मारते ती ओलच.

डीलरकडे ओल-मापकाचे आकडे मागा, तेही जागेवार : पुढचे दोन कोपरे, मागचे दोन, प्रत्येक खिडकीखाली, छताच्या झरोक्याभोवती. १५ टक्क्यांपर्यंत निर्धास्त. १५ ते २० असेल तर लक्ष ठेवायचं. २० च्या वर गेलं की कारण शोधायलाच हवं, आणि ३० च्या आसपास आकडा आला तर भिंतीच्या आतलं लाकूड कुजत असण्याची शक्यता धरून चाला. ‘सगळं ड्राय आहे साहेब’ हा आकडा नव्हे.

मग स्वतः जा. दोन दिवस मोडले तरी जा. मी पहिल्यांदा दार उघडून नुसता वास घेतो. बंद ट्रंकेसारखा कुबट वास आला की सावध होतो, आणि आत नुकताच सुगंधी फवारा मारलेला असला तर जास्तच. नंतर बाकांवरच्या गाद्या उचलून खालच्या खणात टॉर्च मारतो. बाहेरच्या कडेने ऑनिंगची पट्टी जिथे स्क्रूने धरलेली असते, त्याच रेषेच्या आतल्या बाजूने अंगठा दाबत जायचं. भिंत कडक असायला हवी. वॉलपेपरखाली कुठे पुरीसारखं फुगलेलं किंवा दाबल्यावर मऊ लागलं, तर सौदा तिथेच थांबवा. जमिनीवर दाराजवळ आणि ओट्यासमोर टाचेवर जोर देऊन उभे राहा. करकर आवाज येऊन जमीन लचकली, तर लाकडाचे थर फोमपासून सुटलेत. त्यात भोकं पाडून राळ भरतात आणि ते काम टिकतंही, पण त्याचे पैसे किमतीतून वजा झालेच पाहिजेत.

टायरची नक्षी नवीकोरी दिसली म्हणून हुरळू नका. कॅरॅव्हॅनचे टायर झिजायच्या आधी म्हातारे होतात, वर्षातले कित्येक महिने ते एकाच जागी उभे असतात. बाजूवर डीओटी अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२ वा आठवडा. पाच वर्षं उलटली असतील तर बदलायचा खर्च धरा, सात झाली असतील तर त्या टायरवर घरी आणूच नका. चासीवरचा १७ अक्षर-अंकांचा व्हीआयएन, म्हणजे कॅरॅव्हॅनचा ओळख क्रमांक, कागदांशी ताडून बघा, एक अक्षरही वेगळं नको.

खरंच जाता येत नसेल, तर तिथल्याच एखाद्या स्वतंत्र तपासनीसाला पैसे द्या, पण तो तुम्ही शोधलेला हवा, डीलरने सुचवलेला नको. आणि आगाऊ रक्कम ‘तपासणी समाधानकारक झाल्यास’ अशा लेखी अटीवरच भरा. ही अट डीलरला मान्य नसेल, तर तो तुम्हाला न बघता काय गळ्यात मारतोय हे तुम्हीच ओळखा.

प्रश्न : डीलर सूट द्यायला तयार नाही, त्याऐवजी मूव्हर मोटर (गाडी न जोडता कॅरॅव्हॅन जागच्या जागी हलवणारी) आणि मोठी बॅटरी फुकट बसवून देतो म्हणतो. फायद्याचं आहे ना?

उत्तर : आधी वजनाची पाटी वाचा. समजा कॅरॅव्हॅनचं कमाल वजन १,५०० किलो आणि रिकामीचं १,३५० किलो. म्हणजे तुमच्या सगळ्या संसाराला १५० किलो. मूव्हर ३० ते ४० किलो खातो, जड बॅटरी २०-२५. उरलेल्या साधारण ९० किलोंत ऑनिंग, खुर्च्या, भांडी, कपडे, गॅस आणि पाणी. पाणी तर लिटरला बरोबर एक किलो. एकट्याने अरुंद जागेत कॅरॅव्हॅन वळवावी लागत असेल तर मूव्हर जरूर घ्या, पाठीचं सोनं होईल. तशी गरज नसेल तर त्याऐवजी स्टॅबिलायझर (ओढताना कॅरॅव्हॅन डुलू नये म्हणून जोडणीवर लावतात तो) आणि सुटं चाक मागा. सुटं चाक नव्या कॅरॅव्हॅनबरोबर येतंच असं नाही, हेही आजच विचारून घ्या.