मिग निवृत्त झालं, पुढे काय?

प्रश्न : वडिलांनी ओझरच्या कारखान्यात मिग-२१ लढाऊ विमानं जोडली. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला त्या विमानांना निरोप दिला. आता सगळी भंगारात का? – एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : सगळी नाही हो. मीही ओझरलाच हाडं झिजवली, म्हणून सांगतो. जुनं विमान मोडीत काढताना आधी ते रिकामं करावं लागतं, आणि खरा वेळ त्यातच जातो. पहिली निघतात वैमानिकाच्या खुर्चीतली काडतुसं. संकटात खुर्ची बाहेर उडवायला ती असतात. विमान निवृत्त झालं तरी ती होत नाहीत! मग इंधन, तेल, तोफ, रेडिओ, इंजिन. उरतो तो अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, त्याचा लिलाव.

नशीबवान विमानं इंजिनिअरिंग कॉलेजात किंवा चौकातल्या चबुतऱ्यावर जातात. तिथे भार टायरवर नको, लोखंडी टेकूवर हवा, नाहीतर रबर बसतं, चिरतं. मिगची हवा आत घेणारी वाट नाकातच, तिला जाळी हवीच. एकदा जाळी राहिली, तर साळुंक्यांनी आत घर केलं. हातभर काड्या उपसल्या मी, वर एक पोपटी रिबीन!