हप्ते बाकी असताना नवा फोन घेऊ का?

प्रश्न: ताई, मी निपाणीचा. फोन ईएमआयवर घेतलाय, 5 हप्ते राहिलेत, आणि बेळगावात खडेबाजारातला दुकानदार म्हणतोय हा एक्स्चेंजला द्या नि नवा न्या. देऊ काय?

उत्तर: दादा, जरा थांबा. फोन दुकानात दिला म्हणून जुनं लोन संपत नाही हो, हप्ता खात्यातून कटतच राहतो, वर नव्याचा सुरू, आणि एखादा बाऊन्स झाला की सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा, खाली येतो. आधी फायनान्सवाल्याकडून फोरक्लोजरची, म्हणजे लोन मुदतीआधीच एकदम फेडायची, रक्कम चार्जेससकट लेखी मागा, भरली की एनओसी, म्हणजे काही बाकी नाही असा दाखला, घ्याच घ्या. नव्या फोनच्या हप्त्यांनाही नो कॉस्ट, म्हणजे बिनव्याजी, म्हणतात पण प्रोसेसिंग फी आणि त्यावर 18 टक्के जीएसटी असतो. नुसती बॅटरीच लवकर उतरत असेल तर तेवढी बदला की!