हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला बद्धकोष्ठता असेल तर पुन्हा ॲडमिट करावं लागतं का?

हार्ट फेल्युअरमुळे ॲडमिट असलेले तुमचे वडील घरी आलेत, पाणी दिवसाला दीड लिटरच्या आत ठेवायला सांगितलंय आणि तीन-तीन दिवस पोट साफ होत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी हृदयरुग्णांच्या वॉर्डात नर्स आहे. ही तक्रार रुग्ण लाजेपोटी राउंडला सांगत नाहीत, म्हणून तुम्ही विचारलंत हे फार बरं झालं.

केवळ बद्धकोष्ठतेमुळे ॲडमिट करावं लागेलच असं नाही. ज्यांना हा त्रास असतो ते पुन्हा ॲडमिट होण्याचं प्रमाण जास्त असल्याचं काही अभ्यासांत दिसलंय, पण बद्धकोष्ठता हेच त्याचं कारण, असं त्यावरून म्हणता येत नाही. हृदय थकलं की आतड्यांना रक्त कमी पोचतं, आतड्यांच्या भिंतींनाही सूज येते. त्यात लघवीच्या गोळ्या, मोजकं पाणी, कमी झालेलं हिंडणं-फिरणं, शिवाय लोहाच्या गोळ्या. लघवीच्या गोळीने पोटॅशियम उतरलं तर आतडी आणखी मंदावतात. त्यामुळे कधी कधी बद्धकोष्ठता हीच हृदयाची तब्येत बिघडत असल्याची खूण असते.

मला खरी काळजी वाटते ती कुंथण्याची. माणूस श्वास रोखून जोर लावतो तेव्हा छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं आणि बीपी उतरतं. श्वास सोडला की रक्त एकदम परत येतं आणि बीपी उसळतं. आधीच दमलेल्या हृदयाला हे झेपत नाही. चक्कर येते, ठोके अनियमित होऊ शकतात. वडिलांना सांगा, जोर करायचा नाही, श्वास चालू ठेवायचा. कमोडवर बसल्यावर पायाखाली छोटं स्टूल द्या, आणि दाराला आतून कडी नको.

‘भरपूर पाणी पाज’ हा सल्ला घरोघरी मिळतो. तो ऐकू नका, पाण्याची मर्यादा डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवायची नाही. इसबगोलही मनाने सुरू करू नका, ते पाणी शोषून फुगतं आणि पाणी कमी पडलं तर आतच अडकू शकतं. मिल्क ऑफ मॅग्नेशिया या पोट साफ करायच्या औषधातलं मॅग्नेशियम किडनी अशक्त असेल तर अंगात साठतं. फॉस्फेटचा एनिमा घरी देऊच नका. लॅक्ट्युलोज किंवा मॅक्रोगोलसारखं शौच मऊ करणारं औषध बऱ्याचदा चालतं, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. मॅक्रोगोल ज्या पाण्यात कालवाल तेही दिवसाच्या दीड लिटरमध्येच धरा. रेचक जास्त होऊन जुलाब लागले तर पोटॅशियम आणखी उतरतं, हे त्याहून वाईट. आणि पोट साफ होत नाही म्हणून लघवीची गोळी परस्पर बंद करू नका, पाणी साठून खरोखरच ॲडमिट व्हायची वेळ येते.

रोज सकाळी लघवी झाल्यावर, खाण्याआधी वजन करून लिहून ठेवताच असाल. त्याच वहीत ‘शौचाला झाली / नाही’ असा एक रकाना आखा. वजन वाढलं की लोक म्हणतात, पोट साफ नाही म्हणून असेल, आणि तिथेच वेळ जातो. तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा जास्त वाढ झाली, पाय सुजले किंवा आडवं झाल्यावर दम लागू लागला, तर पोट साफ होण्याची वाट न बघता लगेच फोन करा. पोट फुगून उलट्या होत असतील आणि गॅसही सरत नसेल, किंवा शौचातून रक्त जात असेल, छातीत दुखलं, शुद्ध हरपली, तर थेट इमर्जन्सीत न्या.

यातलं काहीच नसलं तरी पुढच्या तपासणीपर्यंत थांबू नका. उद्याच डॉक्टरांना फोन करून पोटाचं सांगा, सगळ्या गोळ्यांची यादी वाचून दाखवा आणि पोटॅशियम व क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासायचं का, तेही विचारा.