'हिम'ला स्तोत्र म्हणावे का? आणि 'गॉस्पेल'ला भजन?

प्रश्न असा आला आहे : चर्चच्या कॉयरच्या कार्यक्रमात काही जुनी 'हिम्स' (hymns, चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून गायची भक्तिगीते) आहेत आणि काही 'गॉस्पेल साँग्ज'. मराठी पत्रिकेत त्यांना अनुक्रमे 'स्तोत्र' आणि 'भजन' असे छापले तर चालेल का?

माझ्या मते छापू नये. हे दोन्ही शब्द मराठी ख्रिस्ती व्यवहारात आधीच दुसऱ्या कामाला लागलेले आहेत.

'स्तोत्र' म्हटले की मराठी ख्रिस्ती माणसाला बायबलाच्या जुन्या करारातली, 'स्तोत्रसंहिता' या पुस्तकातली दीडशे स्तोत्रे आठवतात. 'तेविसावे स्तोत्र म्हणू या' एवढे सांगितले तरी पुरते. हिम ही त्यानंतर कितीतरी शतकांनी कवींनी रचलेली कडवी. ही वाटणी बायबलातच आहे. नव्या करारातल्या इफिसकरांस पत्रात (5:19) प्रेषित पौलाने तीन प्रकार सांगितले आहेत : 'स्तोत्रे, गीते व आध्यात्मिक प्रबंध'. मूळ ग्रीकमध्ये तिथे साल्मोस, हिम्नोस आणि ओडे हे शब्द आहेत. म्हणजे हिम्नोसला मराठी भाषांतरकारांनी 'गीत' हा शब्द केव्हाच दिलेला आहे, आणि उपासनेत पाळकही (चर्चचे धर्मगुरू) 'गीत क्रमांक अमुक' असेच पुकारतात. मग दुसरा शब्द शोधायचा कशाला?

त्या ओळीतला 'प्रबंध' मला फार आवडतो. आज प्रबंध म्हटले की विद्यापीठ आठवते, पण ख्यालाच्या आणि ध्रुपदाच्याही आधी आपल्याकडे बांधीव गायनरचनेला प्रबंधच म्हणत. ज्या कोणी हा शब्द निवडला, त्याला संगीत कळत होते.

आता 'भजन'. मराठी चर्चमध्ये भजन ही खरोखरची, जिवंत गोष्ट आहे : पेटी, तबला, टाळ, एकाने ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी उचलायची. कवी नारायण वामन टिळकांनी (1861–1919) 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंग सोडला नाही. 'अभंगांजली' हे त्यांच्या संग्रहाचे नावच बोलके आहे. ओवी तर त्याहून कितीतरी जुनी, थेट फादर स्टीफन्सच्या 1616 च्या क्रिस्तपुराण या ओवीबद्ध काव्यापर्यंत जाणारी. हे वैभव असताना अमेरिकन चालीच्या गाण्यावर 'भजन' अशी चिठ्ठी लावली, तर श्रोता टाळांची वाट पाहत बसेल आणि आपल्या खऱ्या भजनाला वेगळे नावच उरणार नाही.

'गॉस्पेल'ची मात्र थोडी फोड करावी लागते, कारण इंग्रजीतच तो शब्द दोन अर्थांनी चालतो. पहिला अर्थ एकोणिसाव्या शतकातला. 1873 मध्ये मूडी हे अमेरिकन प्रचारक ब्रिटनच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा त्यांच्या सभांमध्ये आयरा सँकी हार्मोनियमसारख्या छोट्या ऑर्गनवर गात. ती गाणी सोपी आणि ध्रुवपदाची असत. देवाला उद्देशून स्तवन करण्यापेक्षा समोरच्या माणसाला 'ये' म्हणण्यावर त्यांचा भर असे. दुसरा अर्थ कृष्णवर्णीय अमेरिकन चर्चमधला. 1930 च्या दशकात शिकागोत टॉमस डॉर्सी यांनी ब्लूजचा बाज उपासनेत आणला. मुख्य गायकाची हाक, कॉयरचा प्रतिसाद, टाळ्या, पियानो, आयत्या वेळी घेतलेल्या जागा अशी ती गायकी आहे.

पहिल्या प्रकाराला मी 'सुवार्तागीत' म्हणेन. 'गॉस्पेल'चा मूळ अर्थ आनंदाची बातमी; त्यासाठी मराठी बायबलात 'शुभवर्तमान' आणि 'सुवार्ता' हे दोन्ही शब्द आहेत, पण 'शुभवर्तमानगीत' जिभेवर अडखळते. दुसऱ्याला 'गॉस्पेल'च राहू द्यावे. जॅझला किंवा कव्वालीला आपण भाषांतर शोधत नाही, कारण ते एका समाजाने घडवलेल्या गायकीचे नाव आहे. तेच इथेही.

यात एक गंमत आहे. रचनेकडे पाहिले तर ध्रुवपदाचे सुवार्तागीत आपल्या पदाच्या जवळ येते. हिममध्ये सगळी कडवी एकाच चालीत, बहुधा ध्रुवपदाशिवाय आणि चार आवाजांत चालतात. त्यामुळे एखादे सुवार्तागीत मराठीत आणून पेटी-तबल्यावर, आपल्या चालीत बसवले असेल, तर त्याला खुशाल 'पद' म्हणा.

तेव्हा पत्रिकेत 'उपासना गीते' (म्हणजे हिम्स), 'सुवार्तागीते' आणि 'गॉस्पेल' असे तीन विभाग करा. स्तोत्रसंहितेतले काही गाणार असाल, तरच 'स्तोत्र' लिहा. आणि 'कॉयर'ला 'गायकवृंद' करायचे की नाही हे तुमच्या मंडळीवर सोडतो; बोलताना तर सगळे कॉयरच म्हणतात.